येतो म्हणणाऱ्यांचा खेळ

दुखानच्या आमच्या मैदानावर चेंडू उसळायचा नाही. ज्याला बास्केटबॉल कळतो त्याला एवढं सांगितलं की पुरे व्हावं. पण हल्ली सगळ्यांना तो टीव्हीवर बघून कळलेला असतो, म्हणून सविस्तर सांगतो. वाळूवर कच्चं तेल शिंपडून, वरून रोलर फिरवून तेल कंपनीच्या गोऱ्या साहेबांनी ती जागा स्वतःसाठी करून घेतली होती. पुढे त्यांचा क्लब झाला, टेनिस आलं, पोहायचा हौद आला आणि ही जागा त्यांना नकोशी झाली. मग ती आम्हाला मिळाली. कतारमध्ये आमच्या वाट्याला जे आलं ते असंच, साहेबांचं मन भरल्यावर. चेंडू ज्यांत टाकायचा ती कडी वर्कशॉपमध्ये पाइप वाकवून केलेली. बोर्ड खोक्यांच्या फळ्यांचे, त्यांतल्या एका फळीवर 'उलटं ठेवू नका' हे इंग्रजीत अजून वाचता यायचं, आणि तीच फळी उलटी ठोकलेली होती. थंडीत जमीन दगडासारखी, ऊन चढलं की बुटाला चिकटणारी. चेंडू आपटला तर जेमतेम गुडघ्यापर्यंत यायचा आणि तोही भलत्याच दिशेला.

त्यामुळे टप्पे मारत चेंडू पुढे न्यायचा असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. चेंडू हातातून हातात जायचा. जमिनीला लागला की तो आपला राहिला नाही असं समजायचं. आमच्या खेळाची ही पद्धत कुणा उस्तादाने शिकवलेली नव्हती, ती त्या तेलकट जमिनीने शिकवली होती. पन्नासच्या दशकाचा मध्य असेल तेव्हा. कॅम्पात खेळायला दुसरं काही नव्हतं. शुक्रवारी दुपारची नमाज झाली, जेवून डोळा लागून उठलं, की माणसं पिंपांवर चढून बसायची आणि आमचा खेळ बघायची.

आम्ही पाचही जण एकाच खाडीच्या दोन काठांवरचे. काही रत्नागिरी जिल्ह्यातले, काही पलीकडच्या कुलाबा जिल्ह्यातले, सगळे कोकणी मुसलमान. दोघे वेल्डर, सख्खे भाऊ. एक साहेबांच्या मेसमधला भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. मी स्टोअरमध्ये क्लार्क, कारण मला इंग्रजी टायपिंग येत होतं. आणि पाचवा माझा मावसभाऊ, माझ्याहून थोडा मोठा, ज्याला सगळा कॅम्प भाय म्हणायचा. तो पाइपलाइनच्या टोळीत होता. उंचीने बेताचा, पायांत थोडी कमान. गावी आट्यापाट्यांत त्याला कोणी पाटीवर अडवलेलं मला आठवत नाही. समोरच्याला वाटावं हा डावीकडून जाणार, आणि हा उजवीकडून निघून पलीकडे उभा.

भायविषयी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पहिल्याच उन्हाळ्यात तो पाइपलाइनवर उन्हाने पडला होता. मिठाच्या गोळ्या खिशात तशाच, अंग तव्यासारखं तापलेलं, घाम पार बंद. बर्फाच्या लाद्यांवर निजवून त्याला वाचवलं. तेव्हाचा डॉक्टर म्हातारा स्कॉटिश होता. त्याने मला बोलावून स्वच्छ सांगितलं, या माणसाचं अंग ऊन सोसणारं नाही. पुन्हा एकदा असा पडला तर उठणार नाही, आणि उठला तरी तोच माणूस म्हणून उठणार नाही. मी ते भायला सांगितलं. तो म्हणाला, "मंग काय करू? लायनीवर छत घालू?"

छत त्याला बास्केटबॉलने दिलं. आमचा खेळ बघायला माणसं जमू लागली, उम्म सईद बंदरावरचे आणि दोह्याचे संघ आमच्याशी खेळायला येऊ लागले, आणि एका शुक्रवारी बडे साहेब मडमेला घेऊन खुर्चीवर बसले. मडमेने विचारलं, तो छोटा कोण? पुढच्या आठवड्यात भाय माझ्या शेजारी स्टोअरमध्ये, पंख्याखाली, नटबोल्टांच्या कप्प्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता. माणसाचा जीव मडमेच्या एका प्रश्नावर वाचतो याचा मला तेव्हा आनंद झाला होता. आज विचार केला की राग येतो. म्हाताऱ्या डॉक्टरचं म्हणणं साहेबांच्या खिजगणतीत नव्हतं, मडमेचं होतं. पण एक गोष्ट आम्हा दोघांनाही कळून चुकली. भाय संघात आहे तोवर छताखाली आहे.

आता 'येतो'विषयी. आपण कुणाचा निरोप घेताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. चुकून कुणी 'जातो' म्हणालाच, तर घरातलं मोठं माणूस त्याला उंबऱ्यावरून माघारी बोलावतं आणि 'येतो म्हण' असं दटावतं. आमच्या घरांतही हेच. सलाम, खुदा हाफिज पाहुण्यांसाठी. आईला सांगून निघायचं ते 'येतो' म्हणूनच. भायचा बाप मुंबईच्या आगबोटीवर खलाशी होता. एकदा लाँच सुटत होती म्हणून घाईघाईत तो 'जातो गं' असं ओरडून धक्क्याकडे पळाला, आणि मग आलाच नाही. कुठल्या बंदरात गेला, कशाने गेला, कोणाला कळलं नाही. आमच्या मावशीच्या मते त्याला समुद्राने नेलं नव्हतं, त्या शब्दाने नेलं होतं. आम्ही पोरं तिला यावरून चिडवायचो. भाय मात्र त्या चिडवण्यात कधी नसायचा.

तर एका सामन्यात कराचीकडच्या लोकांच्या संघाशी आमची जुंपली होती. भायने कडेला येऊन माझ्या हातात चेंडू दिला आणि, काय मनात आलं कोण जाणे, ओट्यावरून उठून निघावं तसं सहज म्हणाला, "येतो." आणि गेला, थेट कड्याखाली. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या कराचीवाल्याला थोडी मराठी कळत होती. येतो म्हणजे येतो, हे त्याला पक्कं माहीत. तो भायची वाट अडवायला माझ्याकडे सरकला. मी चेंडू कड्याखाली टाकला आणि भायने तो निवांत आत घातला. कराचीवाला माझ्या तोंडाकडे बघत राहिला. भंडारी तर खाली बसूनच हसला.

त्या दिवसापासून तोच आमचा खेळ झाला. चेंडू द्यायचा, 'येतो' म्हणायचं आणि निघायचं. ज्याच्या हाती चेंडू आला त्याचं काम एकच, निघालेल्याला तो पोचवायचा. निघालेला अडकला तर दुसऱ्याला द्यायचा, आपणही 'येतो' म्हणून निघायचं. पाचही जण सारखे निरोप घेत आहेत आणि कोणीच कुठे जात नाही, असा तो प्रकार. समोरचे गरगरून जायचे. मराठी न कळणाऱ्यांना वाटायचं आम्ही काही पढतो आहोत. ज्यांना थोडी कळायची त्यांची तर आणखीच फसगत व्हायची. ज्यांना पुरती कळली असती ते सगळे आमच्याच बरॅकीत राहत होते.

हरायचोही आम्ही, खोटं कशाला सांगू. आमच्यात उंच कोणी नव्हतं. चेंडू फिरवत राहायचा, जागा सापडली तरच मारायचा, नाहीतर पुन्हा फिरवायचा, यात वेळ फार जायचा. पुढे ठराविक वेळात चेंडू कड्याकडे मारलाच पाहिजे असा नियम आमच्याकडे आला, आणि आमच्या फिरवाफिरवीला शिट्टी बसू लागली. पण माणसं बघायला यायची ती आमचा खेळ. त्या दोन-तीन हंगामांत या परमुलखात आमची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

मग सिमेंट आलं. दोह्यातल्या व्यापाऱ्यांनी आपापले संघ काढले, खेळाडूंना खेळण्यासाठी पगार देऊ लागले, आणि आमच्या कंपनीला वाटलं आपण मागे राहायचं कशाला. तेलाची जमीन उखडून सिमेंटचं मैदान केलं, दिवे लावले, खरे बोर्ड बसवले. आणि बैरुतहून एक कोच आणला. अरबीत कोचला मुदर्रिब म्हणतात, आम्हीही त्याला तेच म्हणू लागलो. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, खिशात खडू. पहिल्या दिवशी त्याने चेंडू सिमेंटवर आपटला, तो छातीपर्यंत उसळला, आणि आम्ही पाचही जण बावळटासारखे मागे सरलो. मुदर्रिब हसला. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं, पण ते मला लागलं, आणि अजून लागतं.

त्याने आपल्याबरोबर एक उंच माणूस आणला होता. आम्ही त्याला माड म्हणायचो. स्वभावाने गरीब, आमच्या बरॅकीत येऊन बांगड्याचं कालवण भाताबरोबर ओरपायचा. धावणं त्याच्या बापजन्मात झालं नव्हतं. पण तो कड्याजवळ हात वर करून उभा राहिला की समोरच्याचं काही चालायचं नाही. मुदर्रिबचा नवा खेळ साधा होता. माडाने उभं राहायचं, बाकीच्यांनी चेंडू त्याच्यापर्यंत पोचवायचा, त्याने वळून आत टाकायचा. आम्ही कड्याभोवती फिरत असू ते बंद झालं, कारण फिरणारा माडाच्या वाटेत यायचा. ज्याने त्याने आपापल्या खडूच्या फुलीवर उभं राहायचं. भायची फुली पार वर, कड्यापासून सगळ्यांत लांब.

तरी भाय तिथूनही द्यायचा आणि निघायचा. मुदर्रिबने त्याला पारखलं होतं, हा निघाला की समोरचे दोघे याच्यामागे ओढले जातात हे त्याच्या ध्यानात आलं होतं. म्हणून त्याने ते चालू ठेवलं, फक्त माडाला त्यात घ्यायचं ठरवलं. त्याने भायला विचारलं, "व्हॉट इज धिस येतो?"

भायचं इंग्रजी स्टोअरपुरतं. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "कमिंग, सर."

यात त्याची काय चूक? शब्दाचा अर्थ तोच आहे. शाळेत मास्तरांनी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. आपण जाताना येतो म्हणतो हे आपल्याला कधी खटकतच नाही, ते दुसऱ्याला सांगावं लागतं हे कोणाच्या मनात येणार? मुदर्रिबने माडाला अरबीत समजावलं, हा 'येतो' म्हणाला की हा तुझ्याकडे येतो आहे, चेंडू त्याच्या हातात ठेव. माडाने मान डोलावली.

सरावात मुदर्रिब आम्हाला एका टोकाला आणि माडाला दुसऱ्या टोकाला वेगवेगळं शिकवायचा, त्यामुळे ही गफलत कोणाच्या लक्षात आली नाही. लक्षात आली ती दोह्यातल्या एका बड्या संघाशी सामना होता तेव्हा. दिवे लागलेले, खुर्च्या भरलेल्या, पुढच्या रांगेत शेख मंडळी. भायने माडाला चेंडू दिला, "येतो" म्हणाला आणि कड्याकडे सुटला. त्याच्यासमोर चिटपाखरू नव्हतं. आणि माड चेंडू पुढे धरून, जिथे भाय नव्हता त्या दिशेला, पाहुण्याला सरबत द्यावं तसा वाकून उभा. समोरच्याने तो चेंडू त्याच्या हातातून उचलून नेला. असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. दर वेळी माड अधिक वाकायचा, बिचाऱ्याला वाटायचं आपलंच काही चुकतंय. खुर्च्यांतून हसू फुटलं. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर मुदर्रिबने सगळ्यांसमोर भायला उभं केलं. "हा माणूस कमिंग म्हणतो आणि गोइंग करतो," तो म्हणाला, आणि मग अरबीत एकच शब्द, "कझ्झाब." खोटारडा. तो शब्द आम्हाला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. लहानपणी मदरशात तो कुणाकुणासाठी वापरतात ते आम्हाला पाठ होतं. भायचा चेहरा पडला. तो खोटं बोलत नसे. इतका की दुकानदाराच्या तोंडावर 'तुमचा तांदूळ जुना आहे' म्हणून सांगून यायचा.

दुसऱ्या दिवशी मुदर्रिब शांत झाला होता आणि त्याने तोडगा काढला. तोडगा वाजवी होता, हेच तर माझं दुखणं आहे. जाताना, तो म्हणाला, जातो आहे असं सांग, बस. तुमच्या भाषेत गोइंगला काय म्हणतात? धाकटा वेल्डर पटकन बोलून गेला, "जातो."

"खलास. जातो," मुदर्रिब म्हणाला.

मी त्याला गाठून समजवायचा प्रयत्न केला. म्हटलं, आमच्याकडे जो जातो म्हणतो तो परत येत नाही असं मानतात, याचा बापच तसा गेला. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता. मग म्हणाला, "माय फ्रेंड, मैदानावर त्याने परत यावं असं मला वाटतच नाही. त्याने जावं असं वाटतं." बास्केटबॉलच्या हिशेबाने तो बरोबर होता. मी त्याच्याशी भांडायला गेलो होतो आणि पटून परत आलो, आणि पटल्याचाच राग येऊन रात्रभर तळमळलो.

मग सुरू झाला तो तमाशा. मुदर्रिब स्वतः मैदानाच्या कडेला उभा राहून शिरा ताणून ओरडायचा, "जातो! यल्ला, जातो!" आम्ही चौघे म्हणू लागलो. पोटाचा प्रश्न होता, आणि खेळातला शब्द तो, मनाला किती लावून घ्यायचा. माडही म्हणायचा, 'जाटो, जाटो', आणि म्हणताना खूश व्हायचा. बघायला आलेली आमचीच कोकणातली माणसं पोट धरून हसायची. एक भाय तेवढा म्हणेना. 'येतो'ला बंदी होती, 'जातो' तोंडातून निघेना. तो गप्प झाला. चेंडू द्यायचा आणि मुकाट निघायचा. आम्हा चौघांना त्याची सवय होती, आम्ही चेंडू पोचवायचो. पण हळूहळू आम्हा चौघांतले दोघे कमी झाले, त्यांच्या जागी बगदादचा एक आणि कराचीचा एक आला, आणि त्यांना मुका माणूस कुठे निघाला ते कळेना. भाय कड्याखाली हात पुढे करून उभा, चेंडू भलतीकडेच. मी त्याला बरॅकीत म्हटलं, एक शब्द आहे भाय, थुंकून टाक. तो म्हणाला, "आयनं नाय शिकवला. तिचा ह्यो येवढाच ऐकलाय मी आजवर, ह्यो तरी ऱ्हाव दे."

पुढच्या हंगामात खेळ पुन्हा बदलला. साठ साल उलटलं होतं, पगारी खेळाडू आणखी आले, सगळे जवान, लांब टांगांचे. आता माडाने आत टाकायचंही नव्हतं. समोरच्याचा नेम चुकून चेंडू बोर्डावरून उडाला की माडाने तो हवेतच धरायचा आणि न बघता मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फेकायचा. दोघे तिकडे आधीच पळत सुटलेले असायचे. धरला, फेकला, टाकला. समोरचा संघ मागे फिरेपर्यंत गुणांच्या पाटीवर आकडा बदललेला. ना कोणी कोणाला काही सांगत होतं, ना कोणी कोणाची वाट बघत होतं. 'जातो'चीही गरज उरली नाही. ज्या शब्दासाठी भायचं एवढं झालं, तो मुदर्रिब एका उन्हाळ्यात विसरूनही गेला.

आणि आम्ही जिंकायला लागलो. हे मला आजही गिळता येत नाही. आमच्या पद्धतीने हरायचो तसेच त्याच्याही पद्धतीने हरलो असतो, तर माझा राग तरी सुखाने नांदला असता. पण जिंकलो, सपाटून जिंकलो. पिंपांवर बसून आमचं 'येतो, येतो' ऐकायला येणारे आमचे गाववाले आता सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून बगदादवाल्यासाठी टाळ्या पिटायचे. भाय राखीव खेळाडूंच्या बाकावर टॉवेल गळ्यात टाकून बसलेला त्यांना समोर दिसत होता. एकानेही विचारलं नाही, आपला माणूस का बसलाय. उलट एक म्हणाला, काय झकास खेळतो हो हल्ली आपण. आपण!

हंगाम संपला तेव्हा भायचं नाव संघातून गेलं. बैरुतचा आणखी एक जण येणार होता. कागदावर त्याला कुठेतरी दाखवायला हवं होतं, म्हणून तो नवा माणूस स्टोअरकीपर झाला. म्हणजे भायची खुर्ची गेली. तो कधी स्टोअरात फिरकला नाही, नटबोल्ट कशाला म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं, पण खुर्ची त्याची. भायला परत पाइपलाइनवर टाकलं.

मी मुदर्रिबकडे गेलो. तो खरोखर हळहळला. पण नोकऱ्या माझ्या हातात नाहीत म्हणाला, आणि नव्हत्याच. मी साहेबाकडे गेलो. त्याने डॉक्टरकडे पाठवलं. म्हातारा स्कॉटिश निवृत्त होऊन गेला होता. नव्या तरण्या डॉक्टरने भायला तपासलं, छाती ठोकली, नाडी पाहिली, आणि विचारलं, हाच ना तो बास्केटबॉल खेळणारा? इतकी वर्षं खेळणाऱ्या माणसाला उन्हाची कसली भीती? असं म्हणून त्याने 'फिट'चा शेरा मारला. ज्या खेळाने त्याला उन्हापासून वाचवलं, त्याच खेळाने त्याला परत उन्हात घातलं. मी हात टेकले. नोकरी सोडायचंही माझ्या डोक्यात आलं होतं, तसं मी बोलूनही दाखवलं. भाय म्हणाला, "तू हयच रव. दोगांनी घरी जाऊन काय करायचा हाय?"

मे महिन्यात तो लाइनवर निघाला. सकाळ होती, ट्रक बरॅकींसमोर उभा, माणसं डोक्याला फडकी गुंडाळून चढत होती. भाय फळीला धरून वर चढला, माझ्याकडे वळला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "जातो."

मी म्हटलं, "भाय, येतो म्हण."

"मुदर्रिब सांगत होता ता खरा," तो म्हणाला. "जाताना जातो म्हणावा. उगाच कोनाला वाट बगाय लावू नये."

ट्रक सुटला. मी त्याच्यामागे थोडं पळालो, 'येतो म्हण रे' असं ओरडत. ट्रकमधली बाकीची माणसं समजली आणि त्यांनी माना खाली घातल्या. भाय हसत होता.

तो पडला ते ऐन जुलैत. टोळीला वाटलं सावली बघून निजलाय, म्हणून कोणी उठवायला गेलं नाही. वाचला. बर्फाच्या लाद्या या वेळीही होत्या. पण म्हाताऱ्या डॉक्टरने सांगितलं होतं तेच झालं, तोच माणूस म्हणून तो उठला नाही. डोळे उघडे, भाषा गेलेली, घास भरवावा लागे. थोरल्या वेल्डरने त्याला उम्म सईदहून आगबोटीने मुंबईला आणि तिथून गावी पोचवलं. त्याच हंगामात आम्ही करंडक जिंकला. फोटोत मी आहे, डाव्या टोकाला. मुदर्रिब मध्ये, पांढऱ्या बुटांत. तो फोटो पुढे बरीच वर्षं आम्हा नोकरांसाठी झालेल्या क्लबात लावलेला होता आणि मला बघवत नव्हता, म्हणून मी क्लबात जाणंच सोडलं. लोक मला तुसडा म्हणू लागले. म्हणोत.

रजेवर गावी गेलो तेव्हा मावशीकडे गेलो. ओट्यावर भाय बसला होता, खांबाला टेकून, हात मांडीवर. कपडे स्वच्छ, दाढी मावशीने कातरलेली. मी समोर बसलो, बोललो, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याची नजर माझ्यातून आरपार खाडीकडे. मावशीने चहा आणला, आणि तिने विचारू नये असं मला वाटत होतं ते तिने विचारलंच.

"त्या दिवशी निगताना काय म्हनाला होता रे तो?"

"येतो म्हणाला," मी सांगितलं.

तिने डोळ्यांना पदर लावला. "मंग आला खरा," ती म्हणाली. "जसा असंल तसा आला."

मला तिथे बसवेना. मी उठलो, पायऱ्या उतरलो, चपला घातल्या आणि मागे न बघता, सवयीने म्हटलं, "येतो."

मावशी दचकून काही बोलली म्हणून मी वळलो. भायचे हात मांडीवरून उठले होते. दोन्ही हात छातीशी आले, कोपरं अंगाला लागलेली, बोटं पसरलेली, आणि मग ते पुढे सुटले. माझ्याकडे नाही, माझ्या पुढे, फाटकाच्या अंगाला, दोन पावलांनंतर मी जिथे असतो तिथे. तोंडावर काही नव्हतं, डोळे तसेच खाडीकडे. हात तेवढे निघालेल्याला चेंडू पोचवत होते.

त्याची नेमकी ती जागा मला ठाऊक होती. मला फक्त निघायचं होतं. पण मी पायरीशीच उभा राहिलो. येतो म्हणून जागचा न हललेला आमच्या संघातला मी पहिलाच.